माझ्दा एमएक्स-५ चा मागचा ब्रेक धरून राहतो: कॅलिपर उघडण्याआधी काय तपासायचं

वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून दारात लावली, उतरलात, आणि मागच्या एका चाकापाशी जळकट वास येतोय. तळहात जवळ नेला तर धग लागते. दुसऱ्या बाजूचं चाक मात्र जेमतेम कोमट. हे पहिलं लक्षण. बाकीची अशी:

- सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सोडली तर गाडी पूर्वीसारखी वाहत जात नाही, लवकर थांबते.
- हँडब्रेक ओढताना पाच-सात टकटकींत धरायचा, तो आता नऊ-दहावर जातो आणि तरी उतारावर भरवसा वाटत नाही.
- एका चाकाची अॅलॉय रिम काळ्या भुकटीने माखते, दुसरी स्वच्छ राहते.
- मागच्या डिस्कची (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीची) एक बाजू चकचकीत आणि दुसरी बाजू गंजलेली, चरे पडलेली.
- एमओटीच्या (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) रोलरवर दोन मागच्या चाकांचे आकडे जुळत नाहीत. एकाच एक्सलवर एका चाकाचं ब्रेकबळ दुसऱ्याच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरलं की गाडी नापास होते.

यांतली दोन-तीन जरी दिसत असली तरी पुढे वाचा. आणि चाकातून धूर येत असेल किंवा पेडल खाली खाली जात असेल, तर वाचणं नंतर. आधी गाडी आहे तिथे उभी करा आणि टो करून न्या.

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. माझी १९९१ ची १.६ लिटरची एमएक्स-५ आहे, जपानहून आयात झालेली, म्हणून मागे युनोस रोडस्टर असं नाव आहे. १९८९ ते १९९७ या पहिल्या पिढीच्या गाड्यांना हा मागच्या कॅलिपरचा (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा, आतला पिस्टन तो दाब देतो) आजार आहे, आणि इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींत तिघा-चौघांकडे याच गाड्या असल्याने त्यांचे कॅलिपरही माझ्याच हातून गेले. इतक्या वेळा हे काम केल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगतो: कॅलिपर जाम झाला म्हणून आलेल्या निम्म्याहून जास्त गाड्यांत पिस्टनला काहीही झालेलं नव्हतं. दोष कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांत होता, हँडब्रेकच्या केबलमध्ये होता, एकदा तर ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीत, म्हणजे होजमध्ये होता. नवा कॅलिपर लावला की काही महिने सगळं ठीक वाटतं आणि पुढच्या हिवाळ्यात तोच वास परत येतो, तो यामुळेच. सांगलीकडच्या एका मित्राने तीन वर्षांत डाव्या बाजूचे दोन कॅलिपर बदलले. मूळ कारण होतं गंजून अडकणारी केबल. तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

मागेच का होतं

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पुढच्या चाकांनी उडवलेलं ते खारं पाणी थेट मागच्या ब्रेकवर बसतं. पुढचे ब्रेक जोरात काम करतात, तापतात, सुकतात. मागच्यांवर हलक्या गाडीत भारच कमी, त्यामुळे ते ओलेच राहतात. त्यात मागच्या कॅलिपरला हँडब्रेकची यंत्रणाही जोडलेली. म्हणजे गंज शिरायला एक वाट जास्त. आणि या गाड्या बऱ्याचदा हौसेच्या असतात, नोव्हेंबर ते मार्च झाकून ठेवलेल्या, वर हँडब्रेक ओढून. वापरात नसलेला ब्रेक वापरातल्या ब्रेकपेक्षा लवकर धरतो.

पहिली तपासणी: फुकटची

दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक कमी वापरून. शेवटी सपाट जागी गिअर उतरवत, अगदी हलका ब्रेक लावून थांबा. जोरात ब्रेक मारून थांबलात तर चारही चाकं तापतील आणि काहीच कळणार नाही. आता तळहात चाकापासून वीतभर अंतरावर धरून डावं-उजवं ताडून बघा. डिस्कला हात लावू नका, कातडी चिकटेल.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. स्वस्त मिळतो आणि या कामात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. फक्त चकचकीत धातूवर तो चुकीचं, कमी तापमान दाखवतो. म्हणून डिस्कच्या घासलेल्या पट्ट्यावर नको, मधल्या गंजक्या तांबूस भागावर रोखा, आणि दोन्ही चाकांवर तीच जागा घ्या. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, दोन बाजूंतला फरक महत्त्वाचा. माझ्या गाडीत एकदा उजवीकडे ४५ अंश सेल्सिअस होते आणि डावीकडे १३०. तिथेच कळलं कुठे बघायचं. दोन्ही मागची चाकं सारखीच तापत असतील तर कॅलिपर सोडा, आधी हँडब्रेककडे जा. चारही तापत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा भाग) किंवा पेडलच्या दांड्यात मोकळीक राहिलेली नाही, ती वेगळी गोष्ट.

दुसरी तपासणी: हँडब्रेक

यासाठी गाडी उचलावी लागते, आणि इथे एक धोका आहे जो पहिल्यांदा लक्षात येत नाही. मागची चाकं हवेत, हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रलमध्ये: म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. म्हणून सपाट, टणक जमिनीवर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा, मगच जॅक. उचलल्यावर मागे दोन्ही बाजूंना स्टँड द्या, ज्याला आपल्याकडे गॅरेजात घोडे म्हणतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

मागची दोन्ही चाकं एकदम उचला, एक नको. डिफरन्शियलमुळे एक चाक फिरवलं की दुसरंही हलतं, आणि एकच उचललं तर कोणता अडथळा कुठला हे कळत नाही.

आता चाक काढून कॅलिपरच्या पाठीमागे बघा. केबल जिथे येते तिथे एक छोटा लिव्हर आहे. हँडब्रेक सोडलेला असताना तो लिव्हर त्याच्या टेकूला पूर्ण टेकलेला असायला हवा. नसेल, दोन-तीन मिलिमीटरही फट असेल, तर ब्रेक कायम थोडा लागलेलाच आहे. आता केबलचं टोक लिव्हरमधून सोडवा आणि लिव्हर हाताने टेकूपर्यंत ढकलून बघा.

लिव्हर लगेच टेकला आणि चाक मोकळं झालं, तर दोष केबलचा. एक तर ती जास्त ताणून ठेवली आहे, नाहीतर आवरणात गंजून अडकते. केबल हाताने पुढेमागे सरकवून बघा. खरखर लागली तर बदला. तिला तेल पाजून फार दिवस निभत नाही, मी करून पाहिलं आहे.

लिव्हर हाताने टेकतच नाही, किंवा ढकलला की रबरासारखा अर्ध्यावर थांबतो, तर त्याचा शाफ्ट आत गंजला आहे. शाफ्ट कॅलिपरच्या अंगातून जिथे बाहेर येतो तिथलं रबर फाटलं की पाणी आत उतरतं. ही बातमी चांगली नाही. त्यावर पुढे येतो.

इथे बहुतेक जण जी चूक करतात ती अशी. हँडब्रेक वर जातो म्हणून केबिनमध्ये लिव्हरच्या बुडाशी असलेला नट आवळतात. टकटकी कमी होतात, बरं वाटतं. पण हँडब्रेक वर जाण्याचं कारण कॅलिपरमधलं अंतर वाढलं हे असतं. केबल ताणल्याने ते अंतर तसंच राहतं, फक्त मागचे लिव्हर टेकूवरून उचलले जातात आणि दोन्ही ब्रेक घासायला लागतात. क्रम नेहमी असा: आधी केबल सैल सोडायची, मग कॅलिपर जुळवायचा (पॅड आणि डिस्कमधलं अंतर नेमकं करायचं), आणि सगळ्यात शेवटी केबल.

कॅलिपर जुळवायची रीत या गाडीत वेगळी आहे आणि ती माहीत नसल्याने बरेच कॅलिपर मेले आहेत. कॅलिपरच्या पाठीवर १४ मिलिमीटरचा एक बोल्ट दिसतो. तो नुसता झाकण आहे. काढला की आत ४ मिलिमीटरची अॅलन की बसते. ती घड्याळाच्या दिशेने फिरवली की पिस्टन बाहेर येतो, उलट फिरवली की आत जातो. घड्याळाच्या दिशेने पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवायचं, मग एक तृतीयांश फेरा मागे. बस. मागचा पिस्टन क्लॅम्प लावून दाबायचा नाही. तो आतल्या स्क्रूवर बसलेला आहे. दाबलात तर आतली यंत्रणा मोडेल.

तिसरी तपासणी: ब्रेक ऑइलचा दाब अडकलाय का

केबल सोडवूनही चाक घट्टच आहे. आता ब्लीडरच्या निपलला (कॅलिपरवरचा, ऑइल आणि हवा सोडायचा छोटा पोकळ बोल्ट) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा, आणि निपल पाव फेरा उघडा. ऑइल पिचकारीसारखं आलं आणि चाक मोकळं झालं, तर पॅड धरून ठेवणारा दाब आत कोंडला होता. पिस्टन निर्दोष आहे. बहुतेक वेळा रबरी होज आतून सुजलेली असते: पेडलचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण परत यायला तेवढा जोर नसतो. बाहेरून होज अगदी नवी दिसते. तीस वर्षांपूर्वीची होज असेल तर मी हा प्रश्न विचारतच नाही, दोन्ही बाजूंच्या बदलतो.

निपल उघडल्यावर काहीच फरक पडला नाही तर अडचण यांत्रिक आहे. पुढे चला.

एक काळजी. निपल गंजलेला असतो आणि पोकळ असल्याने पटकन तुटतो. आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल मारून ठेवा, सहा कोनांचाच पाना वापरा, आणि आधी किंचित आवळून मग सोडवा. पीळ पडतोय असं हाताला जाणवलं तर तिथेच थांबा. तुटलेला निपल काढणं हे ड्रिल मशीनचं, अनुभवी हाताचं काम आहे.

चौथी तपासणी: पॅड, क्लिपा आणि पिना

बहुतेक वेळा आजार इथेच सापडतो, म्हणून इथे घाई नको.

एक बोल्ट काढून कॅलिपर बाजूला घ्या आणि तो होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांची झीज वाचा. पॅड खोटं बोलत नाहीत. आतला पॅड झिजून गेलाय आणि बाहेरचा जाड आहे, तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही. पिस्टन फक्त आपल्या बाजूच्या पॅडला दाबतोय. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजलाय, तर दोनांपैकी एक पिन अडकली आहे. दोन्ही पॅड सारखे आणि लवकर झिजलेत, तर पिना बऱ्या आहेत, दाब सुटत नाही.

पिना ओढून बघा. चांगली पिन बोटाने सरकते आणि सोडली की रबराच्या हवेने थोडी परत येते. गेल्या मार्चमध्ये एका गाडीची पिन मला पान्याने पीळ देत देत काढावी लागली. वरचं रबर फाटलेलं, आतलं ग्रीस गुळाच्या काकवीसारखं चिकट आणि तपकिरी, आणि पिनेवर एका बाजूला गंजाचे बारीक खड्डे. ती काढली आणि कॅलिपर चिमटीत धरून सरकवण्याइतका मोकळा झाला. त्या गाडीसाठी नव्या कॅलिपरची ऑर्डर आदल्या दिवशी गेलेली होती, ती परत केली.

पिन गुळगुळीत असेल तर पुसून, भोक छोट्या गोल ब्रशने साफ करून परत वापरा. खड्डे असतील तर पिन आणि रबर दोन्ही नवी. दोन पिना एकसारख्या दिसल्या तरी अदलाबदल करू नका. कोणती कुठली हे काढतानाच खूण करून ठेवा.

आता ग्रीसबद्दल, कारण इथेच चांगलं काम वाया जातं. आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नाही. ते ग्लायकोल आहे आणि ब्रेकची रबरं त्याच्यासोबत राहायलाच बनवलेली आहेत. खनिज तेलापासून बनलेलं कुठलंही ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल लागलं की हीच रबरं फुगतात, मऊ पडतात. आपल्याकडे गॅरेजात सगळे पार्ट डिझेलने किंवा पेट्रोलने धुवायची सवय असते. गिअरबॉक्ससाठी ते चालतं, ब्रेकसाठी नाही. साफ करायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, पिनांना सिलिकोनचं ब्रेक ग्रीस. तांब्याचं ग्रीस पिनांना लावू नका. आणि ग्रीस थोडंच. भोक भरून ग्रीस कोंबलं तर पिन हवेच्या दाबाने परत बाहेर येते.

शेवटी ब्रॅकेट, म्हणजे कॅलिपर ज्यावर बसतो ती चौकट. पॅड ज्या स्टेनलेसच्या क्लिपांत बसतात त्या काढून खाली बघा. तिथे गंजाचा थर फुगून क्लिप वर उचलतो आणि पॅड पाचरीसारखा अडकतो. तारेच्या ब्रशने आणि कानशीने धातू दिसेपर्यंत खरवडा. पॅड बोटाने सरकला पाहिजे, हातोडीने नाही. या पाच मिनिटांच्या कामाने माझ्या स्वतःच्या गाडीचा डावा ब्रेक सुटला होता.

हे सगळं करताना भुकटी फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. त्याआधीच्या गाडीत कधीचे पॅड बसलेत हे सांगता येत नाही. ब्रेक क्लीनरने ओली करा आणि कागदाने पुसून घ्या.

पाचवी: पिस्टन

पिना मोकळ्या, केबल सुटलेली, दाब अडकलेला नाही, आणि तरी पॅड धरतोय. आता पिस्टनकडे.

पिस्टन मागे कसा येतो हे समजलं तर पुढचं सगळं सोपं होतं. त्याला मागे ओढणारी स्प्रिंग नाही. कॅलिपरच्या आत एका खाचेत चौकोनी कापाची रबरी सील बसलेली असते आणि ती पिस्टनला घट्ट मिठी मारते. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्यासोबत किंचित पिळली जाते. पेडल सोडलं की सील मूळ आकारात येते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्याने पॅड सुटतो. सील कडक झाली, खाचेत घाण साठून ती पिळायला जागा उरली नाही, किंवा पिस्टनवर गंज चढला, की हे केसभर मागे येणं थांबतं. ब्रेक लागतो व्यवस्थित, पण सुटत नाही.

बाहेरचं धूळरबर उचलून बघा. आत ओलं असेल तर ते पाणी आहे की ब्रेक ऑइल हे ओळखा. ऑइल असेल तर मुख्य सील गळतेय. पिस्टन अॅलन कीने थोडा बाहेर आणा, फार नाही, आणि टॉर्चच्या उजेडात त्याची बाजू बघा. तपकिरी डाग, फोड, उखडलेलं कोटिंग दिसलं तर कॅलिपर उघडावा लागणार.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा

ब्रेकचं काम याआधी कधीच केलेलं नसेल, तर पहिल्यांदा हे एकट्याने करू नका. कोणीतरी केलेला माणूस शेजारी हवा. खालीलपैकी काही असेल तर अनुभव असला तरीही काम मेकॅनिककडे द्या, किंवा जुना देऊन, दुरुस्त करून तयार केलेला कॅलिपर घ्या:

- हँडब्रेकचा शाफ्ट आत गंजलेला आहे. आतली स्प्रिंग, बेअरिंग, सर्क्लिप हे सगळं हाताळणं खास हत्यारांचं काम आहे, आणि सगळ्या सील किटमध्ये शाफ्टची सील नसते.
- सीलच्या खाचेच्या कडा खाऊन गेल्या आहेत.
- कुठलेही आटे गेले आहेत: ब्रॅकेटचे, होजच्या बोल्टचे किंवा निपलचे.
- होज सोडवताना लोखंडी पाइपला पीळ पडतोय. तो पाइप तुटला तर गाडी तिथेच अडकली, आणि नवा पाइप, त्याचं फ्लेअरिंग (टोक पसरवून आकार देणं) हे घरचं काम नाही.

तयार कॅलिपर घेताना जुन्यासाठी अनामत रक्कम घेतात, तो परत पाठवला की पैसे मिळतात. १.६ आणि नंतरच्या १.८ च्या डिस्क आणि ब्रॅकेट वेगळे आहेत. आयात गाडी असेल तर नोंदणीच्या वर्षावर नाही, चासी नंबरवरून मागवा.

उघडणं

कॅलिपर टेबलावर आणा. होजचं टोक रबरी टोपी लावून बंद करा, नाहीतर टाकीतलं सगळं ऑइल उतरेल. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉडीवर थेंब पडला तर पुसत बसू नका, भरपूर पाण्याने धुवा.

अॅलन कीने घड्याळाच्या दिशेने फिरवत राहिलात की मागचा पिस्टन स्क्रूवरून सुटून हातात येतो. पुढच्या कॅलिपरचा काढायचा असेल तर सगळ्यात सुरक्षित रीत म्हणजे होज जोडलेली असतानाच, समोर लाकडाची फळी ठेवून, पेडल हळूहळू दाबून तो बाहेर आणायचा. कॉम्प्रेसरच्या हवेने काढलात तर पिस्टन गोळीसारखा सुटतो. समोर बोट असेल तर बोट जातं.

जुनी सील लाकडी टूथपिकने किंवा बांबूच्या काडीने काढा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका. खाचेत एक ओरखडा पडला की नवी सीलही गळेल.

आता पिस्टनवरून नख फिरवा. नख कुठे अडकलं तर पिस्टन बाद. नवी सील, जुना खड्डेवाला पिस्टन ही जोडी सहा महिनेही टिकत नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच पैसे वाचवायला जातात. पॉलिश पेपरने घासून खड्डा जात नाही. वरचं कोटिंग मात्र जातं आणि मग गंज दुप्पट वेगाने येतो.

याउलट कॅलिपरच्या भोकात गंजाचे छोटे डाग असले तर घाबरू नका. ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरची सवय असणाऱ्यांना हे उलटं वाटेल. तिथे रबराची वाटी सिलिंडरच्या भिंतीवर घासत सरकते, म्हणून भिंत गुळगुळीत लागते. इथे सील खाचेत जागच्या जागी आहे आणि पिस्टन तिच्यातून सरकतो. म्हणून पिस्टन आणि खाच निर्दोष हवेत. भिंतीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने उतरवला की पुरे.

खाच साफ करणं हे या कामाचं मर्म आहे. तळाशी आणि कोपऱ्यांत पांढरट-तपकिरी कवच साठतं. लाकडी काडीने, अल्कोहोलने, कापडाच्या चिंधीने, पुन्हा पुन्हा. धूळरबराची खाचही तशीच. मी एका कॅलिपरच्या खाचेवर अर्धा तास घालवतो आणि तो कधीच वाया गेलेला नाही.

बांधणं

सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये किंवा ब्रेकसाठीच्या लाल रबर ग्रीसमध्ये भिजवून खाचेत बसवा. बोट गोल फिरवून बघा, कुठे पीळ नको. पिस्टन भोकात सरळ धरून हाताने आणि अॅलन कीने, घड्याळाच्या उलट फिरवत आत घ्या. तिरका गेला तर जोर लावू नका, बाहेर काढून पुन्हा. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा पॅडच्या पाठीवरच्या खुंटीशी जुळल्या पाहिजेत.

होजच्या बोल्टला दोन्ही तांब्याचे वायसर नवे. जुने वापरलेत तर एक-दोन दिवसांनी थेंब दिसेल. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, आकडे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घेऊन. पॅड आणि डिस्क नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते.

ब्रेक ऑइल डॉट ४ चं, नवी बाटली फोडून. ग्लायकोल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. वर्षभर अर्धी उघडी राहिलेली बाटली म्हणून नको. डॉट ५ हे सिलिकोनचं, ते यात मिसळायचं नाही.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. इथल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. टाकी रिकामी होऊ देऊ नका. नंतर दोन्ही बाजूंचा कॅलिपर अॅलन कीने जुळवा, एक तृतीयांश फेरा मागे, झाकणाचा बोल्ट परत, आणि मग केबल पाच ते सात टकटकींवर. हँडब्रेक सोडून दोन्ही लिव्हर टेकूला टेकलेत हे डोळ्यांनी बघा.

गाडी खाली घेण्याआधी इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर गाडी हलवायची नाही. कुठे तरी गळतंय, हवा आहे, किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. दोनदा हवा काढूनही तसंच असेल तर मेकॅनिकला बोलवा. पेडल टणक असेल तर सगळ्या जोडांखाली कोरडा कागद फिरवून बघा, मग दारातल्या दारात पायी चालायच्या वेगाने तीन-चारदा ब्रेक, आणि मगच रस्ता. नवे पॅड असतील तर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये जोरात ब्रेक मारायची वेळ येणार नाही इतकं अंतर राखा.

आठवड्याने पुन्हा तेच थर्मामीटर, तीच दहा-पंधरा किलोमीटरची फेरी. दोन बाजूंत दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो. मी हे आकडे तारखेसह डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या छोट्या वहीत लिहून ठेवतो. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये पुन्हा मोजतो. आणि हिवाळ्यात गाडी झाकून ठेवताना हँडब्रेक ओढत नाही. पहिला गिअर आणि चाकांना ठोकळे.